सतरंजीचा सांधा

आमच्या दुकानात सण आधी औषधाच्या पाकिटावर येतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजाराच्या अलीकडे आमचं औषधांचं दुकान आहे. मी आणि हे, दोघंही काउंटरवर असतो. गोळ्या ज्या छोट्या कागदी पाकिटात घालून देतो, त्यावर मी बॉलपेननं वेळा लिहिते: सकाळ, दुपार, रात्र. रमजान लागायच्या आधीच्या आठवड्यात गिऱ्हाईकं जुनी पाकिटं घेऊन येतात. मी सकाळ खोडून सहरी लिहिते, रात्र खोडून इफ्तार. तीनदा घ्यायचं औषध असलं की माझा हात थांबतो. ते मी माझ्या मनानं बदलत नाही, डॉक्टरांना विचारून या म्हणते. इन्सुलिनवाल्यांना तर दोनदोनदा बजावते. भाद्रपदात जैन काकी येतात. त्यांचं सूर्य मावळला की पाणीसुद्धा बंद, म्हणून रात्रीची गोळी उजेडातच बसवायची. नवरात्रात निम्मी गल्ली उपास धरते. शुगरची गोळी रिकाम्या पोटी घेऊन कोणाला चक्कर येऊ नये म्हणून ते नऊ दिवस राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा मी काउंटरवरच ठेवते.

मला स्वतःला आवडलेला माझा पहिला फोटो याच काउंटरवरचा आहे. ह्यांचा हात, बोटांत निळं पेन, पाकिटावर अर्धवट लिहिलेलं 'इफ्ता', आणि समोरच्या चाचींचं बोट त्या अक्षरांवर टेकलेलं. वर ट्यूबलाइट, म्हणून सगळ्यावर हिरवट झाक आली आहे. ती मी काढून टाकलेली नाही. दुकानात उजेड तसाच असतो.

कॅमेरा २०१५ साली घेतला. निकॉनचा डी ५३००, वापरलेला, १८-५५ची लेन्स लावून मिळाला. मुलगा शिकायला पुण्याला गेला होता आणि घरात संध्याकाळी फार शांत वाटायला लागलं होतं. दोन वर्षांनी ५० मिलिमीटरची, १.८ची लेन्स घेतली. ती अंधारात फार कामाची, पण या कॅमेऱ्यावर चित्र जवळ ओढते, त्यामुळे सारखं मागे सरकावं लागतं. आमच्या बोळांत मागे सरकायला जागा कुठली! पाठीला भिंत लागते. दुकान साडेनऊला उघडतं आणि रात्री साडेनऊला बंद होतं, मध्ये जेवायला तासभर. म्हणून माझ्याकडे ग्वाल्हेरच्या पहाटा आहेत, रात्री आहेत, दुपारी जवळजवळ नाहीतच.

बाहेरच्या मराठी वाचकांसाठी थोडं सांगते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी सैन्याचा तळ टाकला, त्या तळाचंच हे लष्कर झालं. मराठीत गोट म्हणजे फौजेचा तळ. इथे आजही चिटणीस की गोठ आहे, बक्षी की गोठ आहे, फालका बाजार आहे, पाटणकर बाजार आहे. सरदार गेले, वाड्यांचे तुकडे पडले, नावं राहिली. आमची मराठीसुद्धा तळावरचीच, जे जवळ सापडेल ते उचलणारी. पुण्याची माणसं हसतात, पण सासूबाई अजून सकाळी गॅलरीतून हाक मारतात, "अगं, तिथे उभी राहून काय करून राहिलीस?" मी दूधवाल्याच्या बरण्यांवर पडलेल्या कोवळ्या उन्हाचा फोटो काढून राहिलेली असते.

दसऱ्याचं सांगायलाच हवं. महाराष्ट्रात सोनं म्हणजे आपट्याची पानं. आमच्याकडे शमी. कंपूच्या बाजूला टेकडीवर मांढरे की माता, तिच्या पायथ्याशी मैदानात संध्याकाळी शमीपूजन होतं. शिंदे घराण्याचे प्रमुख दरबारी पोशाखात येतात, पूजा होते, आणि ते तलवार शमीला लावतात. तलवार लागली रे लागली की लोक झेपावतात. ती पानं इतकी बारीक की मुठीत फांदी आली तरी हाती चार टिकल्या लागतात. पहिल्या वर्षी मी तलवारीवर फोकस धरून बसले आणि मग पुढचं काही सापडेना, सगळ्या फ्रेममध्ये नुसत्या पाठी. दुसऱ्या वर्षी तलवारीचा नाद सोडला. झाडाकडे पाठ केली आणि माणसांकडे तोंड करून उभी राहिले. शटर १/५००, आयएसओ ३२००, उजेड मावळतीचा. त्या एका फोटोत तेवीस हात आहेत, मी मोजले आहेत. एका हातात कडं, एकाच्या मनगटावर मेळ्यात गोंदवतात तसलं हिरवं नाव, एक पगडी घातलेल्या म्हाताऱ्या सरदारांचा थरथरता, आणि एका पोराचे दोन्ही, कारण तो बापाच्या खांद्यावर बसला आहे. दुसऱ्या दिवशी ती पानं मी दुकानात वाटते. आमच्या समोर एक सिंधी काका कापड विकतात. फाळणीनंतर त्यांचे वडील इथे आले, त्या वर्षी कोणीतरी मराठी शेजाऱ्यानं हातावर शमी ठेवली होती, असं ते सांगतात. ते पानं गल्ल्यात ठेवतात. पुढच्या दसऱ्यापर्यंत ती नोटांच्या खाली वाळून काळी झालेली असतात, पण टाकलेली नसतात.

किल्ल्यावर मी बहुधा दिवाळीत जाते. तिथे दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. जहांगीरनं गुरू हरगोविंदांना या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सुटकेच्या वेळी बावन्न राजांना बरोबर नेता यावं म्हणून त्यांनी बावन्न पदर असलेला चोगा, म्हणजे लांब अंगरखा, शिवून घेतला, आणि एकेक राजा एकेक पदर धरून बाहेर पडला, अशी कथा शीख सांगतात. म्हणून दिवाळी हा त्यांचा बंदी छोड दिवस. तिथे दिव्यांचे फोटो पुष्कळ निघतात, पण दिव्यांचे फोटो सगळीकडे सारखेच दिसतात. मला लंगरातल्या स्टीलच्या पेल्यांमधून निघणारी वाफ जास्त आवडते.

आता ग्वाल्हेरच्याच हजीरा भागाकडे वळते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

हजीऱ्यात सूफी संत मोहम्मद गौसांचा मकबरा आहे, मोठा, चहूबाजूंनी दगडी जाळ्यांचा. त्याच्याच आवारात तानसेनची समाधी, लहानशी, उघडी, खांबांवर छप्पर. गुरू आत, शिष्य बाहेर. जवळ चिंचेचं झाड आहे. मूळ झाड केव्हाच गेलं, पण पाला खाल्ला की गळा सुटतो ही समजूत राहिली. मी गाणाऱ्या मुलींना इथली पानं हळूच तोडून तोंडात टाकताना पाहिलं आहे. त्यातली एक नंतर दुकानात येऊन खोकल्याचं औषधही घेऊन गेली, आणि ते योग्यच केलं.

१९२४ साली उर्स तानसेन म्हणून इथे सुरू झालेला उत्सव आज तानसेन समारोह आहे. मोठमोठे गवय्ये येतात. रात्रीची सभा ध्रुपदानं सुरू होते, आणि एक बैठक तानसेनच्या गावी, बेहटला, झिलमिल नदीच्या काठी होते. ते सगळं वर्तमानपत्रात येतं. माझा जीव मात्र पहिल्या दिवसाच्या सकाळी अडकलेला असतो. त्या सकाळी समाधीपाशी आधी शहनाई वाजते. मग ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात. ही आपली मराठी नाथपरंपरेची गादी, त्यामुळे हिंदीत बोलत असले तरी कीर्तनाची उठाण आपल्या कानाला लगेच ओळखू येते. एखादं वाक्य बोलता बोलता गाण्यात शिरतं आणि परत बोलण्यावर येतं. हरिकथा संपली की तिथेच मिलाद होते, पैगंबरांच्या स्मरणाची, मौलवी बोलतात. मग कव्वाली गात चादर येते, गौससाहेबांच्या मजारीवर आणि तानसेनच्या समाधीवर चढते. दहा-साडेदहापर्यंत सगळं आटोपतं. त्या एका सकाळी दुकान हे उघडतात.

२०१६ साली मी पहिल्यांदा गेले आणि हरखले. मनाशी ठरवलं, हरिकथा संपून मिलाद सुरू होते तो क्षण पकडायचा. एकाचं संपतं, दुसऱ्याचं सुरू होतं, त्याचा काहीतरी सांधा असणार. काही माणसं उठतील, काही येऊन बसतील, कुणी एकमेकांना जागा देईल. त्या अदलाबदलीत माझा फोटो आहे, असं मला पक्कं वाटत होतं.

त्या वर्षी सांधा हुकला. माझ्या आधीच मिलाद सुरू झाली होती. पण परतताना बाहेर चहाच्या गाडीपाशी एक फोटो मिळाला. महाराजांबरोबर आलेले धोतर-टोपीतले एक आजोबा आणि पांढऱ्या जाळीच्या टोपीतले दुसरे आजोबा, दोघं एकाच शालीत खांदे घुसवून, हातात कुल्हड. धुकं होतं. धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो, सगळं करडं करून टाकतो, म्हणून एक पायरी जास्त उजेड द्यावा लागतो. तेवढं मला तेव्हा नुकतंच कळलं होतं. फोटो सुरेख आला. मी तो एका स्पर्धेत पाठवला. त्यांनी बक्षीस दिलं आणि फोटोखाली आपल्या मनानं मथळा छापला: 'एकतेचा संदेश'. मला विचारलंही नाही. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही, उलट मी खूश होते. चौकट करून दुकानात लावला.

पुढच्या डिसेंबरात त्या जाळीच्या टोपीवाल्या आजोबांना शोधून एक प्रत दिली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. खालचा मथळा कोणाकडून तरी वाचून घेतला. मग म्हणाले, "बिटिया, फोटो तो बहुत अच्छा है. पर हम कोई संदेश थोड़ी दे रहे थे. हम दोनों मिल में साथ थे, बाईस साल. उस दिन ठंड थी." ते दोघं बिर्लानगरच्या कापड गिरणीत एकाच खात्यात कामाला होते. गिरणी बंद पडली तरी दर वर्षी या सकाळी भेटतात. शाल धोतरवाल्या आजोबांच्या सुनेनं विणलेली होती. आजोबांना कशाचाच राग नव्हता. त्यांना फक्त मला माहिती नीट द्यायची होती.

मला मात्र लाज वाटली. मी त्यांची नावं विचारली नव्हती, काम विचारलं नव्हतं. टोप्या पाहिल्या होत्या. घरी आल्यावर तो मथळा कापून टाकला. फोटो अजून भिंतीवर आहे, खाली पेन्सिलीनं लिहिलं आहे: 'गिरणीतले दोघे, चहा, डिसेंबर २०१६'.

त्यानंतर मी प्रत्येक फोटोतल्या माणसाला छापील प्रत द्यायला लागले. चार बाय सहाची, पंधरा रुपयांत होते. प्रत द्यायला गेलं की माणूस बोलतो, आणि फोटोत आपण काय पाहिलं होतं ते कळतं, बहुतेक वेळा वेगळंच निघतं. मजारीच्या जाळीपाशी डोळे मिटून बसलेली एक बाई मी भक्तीचा फोटो म्हणून काढली होती. ती तिथे दर गुरुवारी सावलीत पाय मोकळे करायला बसते, तीन घरची धुणीभांडी करून आलेली असते. तो फोटो मला पहिल्यापेक्षा आता जास्त आवडतो. त्या जाळ्यांचा उजेड फसवा आहे. आत अंधार, बाहेर लख्ख. तोंडावर उजेड मोजला की जाळी पांढरीफटक होते, जाळीवर मोजला की माणूस काळा. मी जाळीवर मोजते आणि माणसाच्या गालावर एक नक्षीचा कवडसा पडेपर्यंत थांबते. थांबायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात ओळख होते.

सांध्याचा शोध मात्र मी सोडला नव्हता. २०१८ला गेले, २०१९ला गेले. दर वर्षी कॅमेरा तयार ठेवून हरिकथेच्या शेवटाची वाट पाहायची. महाराज जयजयकार करतात, तबलजी हातोडी पिशवीत टाकतो, आणि तोवर मौलवींचा आवाज सुरू झालेला असतो. मी सगळ्या दिशांना पाहायची. कोणी उठत नसे. ज्यांनी हरिकथेला मान डोलावली तेच मिलादला मान डोलावत. एक काकू जपमाळ ओढत होत्या, त्या ओढतच राहिल्या. एका मुलानं जांभई दिली. २०१९चे एकशे चाळीस फोटो घरी संगणकावर लावून पाहिले तेव्हा हरिकथा कुठे संपली हे मला घड्याळावरून ओळखावं लागलं. माणसं तीच, बसणं तेच.

यात माझ्यासारखीला नवल वाटायला नको होतं. ग्वाल्हेरच्या गाण्याचंच बघा. हस्सू-हद्दू खाँच्या घरची गायकी वासुदेवबुवा जोशींनी घेतली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती दक्षिणेत नेली, मग विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले. सांगली-मिरजेकडे आज कोणी ख्याल मांडला तर त्याच्या मुळाशी आमच्या गल्लीतली शिकवणी आहे. माझे सासरे हे अभिमानानं सांगायचे. मी मात्र कॅमेरा घेऊन त्यात फट शोधत होते.

२०२४ला समारोहाचं शंभरावं पर्व होतं. त्याच्या आदल्या वर्षीच युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं होतं, त्यामुळे गावात मोठी लगबग. १४ डिसेंबरला दत्तजयंती होती आणि १५ला हजीऱ्याची सकाळ. आमच्या गोठीतल्या दत्ताच्या देवळात सप्ताह होता, गुरुचरित्राचं पारायण. जन्म सूर्यास्ताला. मोठ्या हाराचं काम माझ्याकडे असतं आणि हार मी नेहमी एकाच फुलवाल्याकडून घेते. तो म्हणाला, "भाभी, इस बार जल्दी ले जाना, रात को चादर बनानी है."

जन्माचा पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला, दुकान बंद केलं आणि रात्री दहाला मी त्याच्याकडे गेले. ही चादर बनते कशी ते मी कधी पाहिलं नव्हतं. दोन बाजांच्या मध्ये सुतळ्या ताणून जाळं बांधलेलं. तो, त्याचा भाऊ आणि बायको, तिघं ओल्या पोत्यावर बसून सुईनं गुलाब ओवत होते. गुलाब देठाकडून टोचायचा, पाकळ्यांतून सुई बाहेर काढायची नाही, नाहीतर सकाळपर्यंत फूल खुलून पडतं. चौकोनाच्या गाठीवर झेंडू, कडेला झेंडूचीच दुहेरी माळ. खाली टोपलीत दत्ताच्या हारातून उरलेले झेंडू होते, तेच इथे चालले होते. त्याच्या बायकोनं मला विचारलं, "जन्म झाला का?" ती आमच्याच शेजारच्या गोठीत वाढलेली, मराठी स्वच्छ. मी म्हटलं झाला. पदरात बांधून आणलेला सुंठवडा तिला दिला. तिनं चिमूटभर तोंडात टाकला, हात पुसले आणि पुन्हा सुई घेतली. पन्नासच्या लेन्सनं मी फक्त तिच्या बोटांचे फोटो काढले. उजेडाला एकच पिवळा बल्ब, शटर १/६०, श्वास रोखून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी. हजीऱ्यात मी पहिल्यांदाच कॅमेरा मांडीवर ठेवून सतरंजीवर बसले. शहनाई ऐकली. हरिकथा ऐकली. माझ्या शेजारच्या बाईंनी न विचारता आपली गोधडी माझ्या गुडघ्यांवर ओढली. पुढे मिलाद सुरू झाली आणि मी खाली पाहिलं, तर सतरंजी दोन तुकड्यांची होती. लाल पट्टे एका रेषेत येत नव्हते, मध्ये जाड काळ्या दोऱ्यानं हातानं घातलेले टाके. टाक्यांवर एका पोराचा मोज्यातला पाय आणि चिंचेची तीन-चार बारीक पानं. त्या सकाळचा माझा तेवढा एकच फोटो आहे. मग चादर आली. गुलाब अजून मिटलेले होते, एकही गळाला नव्हता. मी बोट दाखवून शेजारणीला सांगितलं, ही माझ्यासमोर बनली.

अकराला दुकानावर पोचले. थंडीतून उबेत आलं की लेन्सवर दव धरतं, आतही जातं, म्हणून कॅमेरा पिशवीतून अर्धा तास काढायचा नाही हा माझा नियम. पिशवी बंद करून खुर्चीखाली ठेवली. तेवढ्यात फुलवाला आला. रात्रभर जागलेला, डोळे लाल, उजव्या अंगठ्याला तीन ठिकाणी सुई लागलेली. मी त्याचा अंगठा स्पिरिटनं पुसला. गुलाबाचा हिरवा-काळा राप नखांत बसला होता, तो जात नव्हता. पट्टी लावली. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारलं, त्याला आठवेना, तेव्हा ह्यांनी त्याला समोरच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्यानं काउंटरवर त्याच्या अम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट ठेवलं. दत्ताच्या हाराचे पैसे माझ्याकडे बाकी होते. गोळ्यांचे त्यातून वळते केले, वरचे वीस रुपये त्याला दिले.

कॅमेरा पिशवीत होता. मी नवं पाकीट घेतलं आणि लिहिलं: सकाळी एक, नाश्त्यानंतर.